ज्ञानकोशाचा पाणवठा

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हाची, म्हणजे २००७ सालची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काचेचे एक कपाट होते आणि त्यात मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड ओळीने लावलेले होते. कपाटाला कुलूप, किल्ली लिपिकाच्या खिशात. खंड घरी न्यायचे नाहीत, तिथेच बसून वाचायचे, हा नियम सर्वांनाच होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मी किल्ली मागितली तेव्हा लिपिकाने माझ्याकडे पाहून विचारले, ‘हात धुतलेस का?’ माझ्या आधी ज्या मुलाने खंड मागितला होता त्याला हा प्रश्न विचारला गेला नव्हता. मी हात धुऊन आलो. त्या दिवशी कोणती नोंद वाचली ते आता आठवत नाही. ओल्या बोटांचा डाग पानावर पडू नये म्हणून मी हात सदऱ्याला पुन्हा पुन्हा पुसत होतो, एवढे मात्र आठवते.

माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले, गवंड्याच्या हाताखाली राबणारे. घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. आज मी तालुक्याच्या गावी इतिहास शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांना त्या कपाटाची आणि किल्लीची कथा सांगितली तर ती हसतात. त्यांचा कोश त्यांच्या खिशात आहे. विकिपीडिया उघडायला लिपिक लागत नाही, वर्गणी लागत नाही, जात सांगावी लागत नाही, हातही धुवावे लागत नाहीत. मला याचा आनंद आहे, आणि तो मी लपवणार नाही. आमचे काही सहकारी ‘विकिपीडियावरून उतरवून आणले’ हे वाक्य ज्या तुच्छतेने उच्चारतात, तिच्यात मला पुष्कळदा त्या जुन्या किल्लीचाच खुळखुळाट ऐकू येतो.

तथापि दोन वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने चर्चासत्रासाठी महाडच्या सत्याग्रहावर निबंध लिहून आणला. त्यात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि त्याच दिवशी मनुस्मृती जाळली, असे वाक्य होते. मनुस्मृतीचे दहन झाले ते त्याच वर्षी २५ डिसेंबरला, दुसऱ्या परिषदेच्या वेळी. मी तिला विचारले, हे कुठून आणलेस? तिने एका खुल्या कोशातले पान दाखवले. मी रागावलो. जिथे कोणीही येऊन काहीही लिहून जातो तिथल्या मजकुरावर विसंबायचे नसते, वगैरे जे मास्तर बोलतात ते सगळे बोललो. मुलगी गप्प ऐकत होती. मग म्हणाली, ‘सर, कोणालाही लिहिता येतं तर तुम्ही का नाही दुरुस्त केलं?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढचे विवेचन त्या प्रश्नातून निघाले आहे.

कोश कोणी लिहायचा, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या पत्रात मुक्ता साळवे या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. वेद ब्राह्मणांचेच असतील, ते पाहण्याचाही आम्हांला अधिकार नसेल, तर आम्ही धर्मग्रंथावाचूनचे ठरलो, मग आमचा धर्म तरी कोणता, अशी सरळ विचारणा तिने केली. ज्यांच्याविषयी शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिले, त्यांच्यातल्या कोणी स्वतःविषयी लिहिलेल्या पहिल्यावहिल्या छापील मजकुरांपैकी हा एक होय. ज्ञान बंद ठेवण्याच्या दोन तऱ्हा असतात. वाचू द्यायचे नाही, ही पहिली. वाचू दिले तरी लिहू द्यायचे नाही, ही दुसरी. पहिलीवर पुष्कळ बोलले जाते. मुक्ता साळवे हिने दुसरी मोडली.

पुढे १९२० साल येते. या वर्षाकडे मराठी ज्ञानव्यवहाराच्या इतिहासकारांनी नीट पाहिले पाहिजे, असे मला वाटते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे प्रकाशन या वर्षी सुरू झाले, आणि त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ निघाले. केतकरांचे काम प्रचंड होते. तेवीस खंड, सरकारी आश्रय नाही, मर्यादित कंपनी काढून भांडवल उभे केलेले आणि वर्गणीदारांच्या बळावर चाललेले. त्या माणसाच्या जिद्दीला कमी लेखणारा मी नव्हे. पण ज्या वर्षी मराठी वाचकाला साऱ्या जगाचे ज्ञान घरपोच मिळू लागले, त्याच वर्षी ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’त छापून आली नाही, असे धनंजय कीरांनी नोंदवून ठेवले आहे. एकीकडे सर्व विषयांना सामावणारा कोश, दुसरीकडे एका जाहिरातीपुरतीही नसलेली जागा.

या दोन माणसांची गाठ त्याआधीच पडली होती, कागदावर. केतकरांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर प्रबंध लिहिला होता आणि त्याचा पहिला खंड १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला, त्यात केतकरांच्या जातीच्या व्याख्येची तपासणी आहे. जात एकटी पाहता येत नाही, जातिव्यवस्थेच्या संदर्भातच पाहावी लागते, हे केतकरांचे म्हणणे त्यांनी उचलून धरले. पण केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे वेगळी सांगितली होती, म्हणजे जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व, ती दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. पंचवीस वर्षांचा विद्यार्थी नामवंत पंडिताची व्याख्या दुरुस्त करतो, आणि ती दुरुस्ती आधी आदर नोंदवून, मग कारण देऊन करतो. आजच्या खुल्या कोशात प्रत्येक नोंदीमागे चर्चेचे एक पान असते. तिथे हेच काम चालणे अपेक्षित असते. फरक इतकाच की बाबासाहेबांना ती हरकत नोंदवण्यासाठी बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून न्यूयॉर्क गाठावे लागले.

अधिकाराचा प्रश्न त्यांना जन्मभर चिकटून राहिला. शाळेत संस्कृत नाकारले गेले म्हणून फार्सी घ्यावी लागली, आणि १९४६ मध्ये ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हा ग्रंथ लिहिताना तेच संस्कृत आडवे येणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणून प्रस्तावनेत त्यांनी ही शंका आपणच काढली आणि आपणच तिचा समाचार घेतला. या वाङ्मयातला बहुतेक भाग इंग्रजी भाषांतरांत उपलब्ध आहे, आपण पंधरा वर्षे तो अभ्यासला आहे, तेवढ्यावर साधारण बुद्धीच्या माणसालाही या विषयावर लिहिण्याची पात्रता यायला हरकत नसावी, अशा आशयाचे ते उत्तर आहे. लिहिणारा कोण हे विचारू नका, पुरावा काय तो तपासा. विकिपीडियाच्या विश्वसनीयतेविषयीचा सगळा वाद अखेर याच मुद्द्यावर येऊन थांबतो.

विकिपीडियाचा जन्मही अधिकाराच्या प्रश्नातूनच झाला. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली आधी ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश काढला होता. तो विनामूल्य होता, पण लिहायचा तज्ज्ञांनी आणि तपासायचाही तज्ज्ञांनी. प्रत्येक लेखाला सात पायऱ्या चढाव्या लागत. पहिल्या वर्षात वीस-एकवीस लेख मंजूर झाले. मग १५ जानेवारी २००१ रोजी, या कोशाला कच्चा माल मिळावा म्हणून, कोणीही लिहावे असा विकिपीडिया बाजूला सुरू केला. वर्षअखेर त्यात सुमारे वीस हजार लेख आणि अठरा भाषा झाल्या. न्यूपीडिया २००३ मध्ये बंद पडला. मराठी विकिपीडिया त्याच वर्षी १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी सुरू झाला.

विश्वसनीयतेची पहिली मोठी परीक्षा २००५ मध्ये झाली आणि तिचे दोन निकाल लागले. जॉन सीगेंथालर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, एके काळी रॉबर्ट केनेडींचे सहकारी. केनेडी बंधूंच्या हत्यांत यांचा हात असल्याचा संशय होता, असे धादांत खोटे वाक्य कोणीतरी त्यांच्या नोंदीत घातले आणि ते चार महिने तसेच राहिले. कोणाच्याही अब्रूशी खेळता येते, हे त्यातून दिसले. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नवे पान सुरू करण्याची मुभा नाव नोंदवलेल्यांपुरती ठेवली. दुसरा निकाल त्याच डिसेंबरात लागला. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेने विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतल्या विज्ञानविषयक बेचाळीस नोंदी त्या त्या विषयाच्या जाणकारांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर म्हणाव्यात अशा चुका दोहोंत चार-चार. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतले; त्यांतले काही विचारात घेण्याजोगेही असतील. पण एक गोष्ट उघड झाली. बंद कपाटातल्या कोशातही चुका होत्या, फक्त त्या मोजायला आजवर कोणी बसले नव्हते.

छापील कोशाची मला थट्टा करायची नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि वीस खंड पुरे व्हायला जवळपास चार दशके गेली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारखा माणूस वाईत बसून ते काम उभे करत होता. दलित साहित्यावर ‘निळी पहाट’ लिहिणारे रा. ग. जाधव त्याच विश्वकोशाच्या संपादनात होते. असा कोश सावकाश होतो, नीट होतो, एका हाताखालून जातो. आता हा विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो, ही शासनाने केलेली चांगली गोष्ट आहे. पण छापील खंडात राहिलेली चूक पुढची आवृत्ती निघेपर्यंत राहते, आणि पुढची आवृत्ती निघतेच असे नाही. शिवाय ती चूक कोणाच्या सांगण्यावरून राहिली, कोणी तिला हरकत घेतली होती का, हे वाचकाला कधीच कळत नाही. खुल्या कोशात प्रत्येक पानामागे त्या पानाचा इतिहास असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला, कोणत्या नावाने कोणी कोणता शब्द घातला आणि कोणी काढला, ते सगळे तिथे राहते. वाक्य पुसले तरी पुसल्याची नोंद उरते. आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी पुसला, त्यांनी पुसल्याची नोंद ठेवली नव्हती. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या कोशाचे सर्वांत मोल वाटते ते या मागच्या पानासाठी. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता सांगतो, नोंद वाचायच्या आधी तिचा इतिहास वाचा.

परंतु कोश खुला आहे म्हणजे काय? इथे महाडकडे परत जाणे भाग आहे.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. पुढची तीन वर्षे त्या पाण्याला आपल्या माणसांची ओंजळ लागली नाही. २० मार्च १९२७ ला ती लागली, आणि मग काय झाले ते आपण सर्व जाणतो. डोकी फुटली. त्यानंतर गोमूत्र, शेण, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ४ ऑगस्ट १९२७ ला, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. खुल्या कोशात एखाद्याने भर घातली आणि दुसऱ्याने येऊन पान जसे होते तसे करून टाकले, असे रोज घडते. ते पाहिले की मला त्या घागरी आठवतात.

पण महाडची पुढची हकीकत कमी सांगितली जाते, आणि आपल्या विषयाला तीच अधिक उपयोगाची आहे. सवर्णांनी दिवाणी दावा लावला. म्हणणे असे की तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न जाण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. दहा वर्षे खटला चालला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो बाबासाहेबांच्या बाजूने. रूढी अनादी आहे असे म्हणता, तर तसे सिद्ध करा. ते सिद्ध झाले नाही. ‘पूर्वापार’, ‘अनादी काळापासून’, ‘सर्वांना माहीत आहे’ या शब्दांवर आपल्याला हजारो वर्षे पाण्यापासून दूर ठेवले गेले होते. न्यायालयात आधार विचारला गेला आणि ते शब्द लटके पडले. विकिपीडियात निराधार वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण लावतात. वरवर किरकोळ दिसणारी ही खूण आहे. तिची ताकद काय असते ते चवदार तळ्याच्या निकालात दिसते.

ही खूण मात्र आपोआप लागत नाही, ती लावणारा माणूस पानावर हजर असावा लागतो. तो नसला तर काय होते, याचा धडा क्रोएशियाने दिला. क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियाची सूत्रे सुमारे दहा वर्षे अतिउजव्या विचारांच्या मूठभर प्रचालकांच्या हातात राहिली. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या उस्ताशा राजवटीने यासेनोवात्स येथे छळछावणी चालवली; सर्ब, ज्यू आणि रोमा यांना तिथे हजारोंनी मारले. या टोळीच्या लेखणीखाली त्या अत्याचारांना सौम्य रूप देण्यात आले. हरकत घेणाऱ्यांना बाहेर काढले गेले. २०१३ मध्ये त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांवर, विद्यार्थ्यांनो, आपल्या भाषेतला हा कोश वापरू नका, असे सांगण्याची पाळी आली. २०२० च्या अखेरीस म्होरक्याला हटवले गेले आणि २०२१ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने या प्रकरणाचा तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला. इंग्रजी कोशावर हजारो डोळे असतात. लहान भाषेच्या कोशावर थोडे असतात, आणि ते थोडे एकाच आळीतले असले तर कोश त्या आळीचा होतो.

मराठी काही बोलणाऱ्यांच्या संख्येने लहान भाषा नाही. २०११ च्या जनगणनेत आठ कोटींहून अधिक लोकांनी ती मातृभाषा सांगितली. पण मराठी विकिपीडियावर महिन्याकाठी प्रत्यक्ष लिहिणारे काही शेकड्यांतच असतात. त्यांतले बरेचसे निरपेक्षपणे राबतात, हे मी पाहिले आहे. तरी आठ कोटींच्या भाषेचा कोश शंभर-दोनशे माणसे लिहीत असतील, तर ती कोण आहेत आणि आपण त्यांत किती आहोत, हे विचारलेच पाहिजे. आज यंत्रे माणसाच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागली आहेत, आणि त्या यंत्रांचे भरणपोषणही याच कोशांवर झाले आहे. म्हणजे इथे राहिलेली चूक आता इथेच राहत नाही.

जातींच्या पानांवर तर रोज कुस्ती असते. प्रत्येक जातीला राजघराणे हवे असते, प्रत्येकाला क्षत्रियत्व हवे असते. इंग्रजी विकिपीडियाला २०१२ पासून दक्षिण आशियातील जातिसमूहांच्या लेखांसाठी खास निर्बंध लावावे लागले. रिस्ले, एन्थोवेन यांच्यासारख्या ब्रिटिश अधिकाऱ्यांचे जातिवर्णनाचे ग्रंथ जातीविषयी विश्वसनीय मानायचे नाहीत, असाही संकेत तिथे पडला. याचे मी स्वागत करतो. त्या ग्रंथांनी आपल्या माणसांची नाके मोजली, मने मोजली नाहीत. पण ते बाजूला काढल्यावर जागा रिकामी राहते, ती कशाने भरायची?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडला नाही. विद्यार्थिनीने टोकल्यावर मी महाडच्या त्या पानावर गेलो. तारीख दुरुस्त केली, ‘बहिष्कृत भारत’चा आधार दिला. शासनाने १९९० मध्ये ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ एकत्र पुनर्मुद्रित केले आहेत, त्यामुळे पान दाखवता आले. दुरुस्ती टिकली. मला लहान मुलासारखा आनंद झाला. मग मी नामांतराच्या पानाकडे वळलो.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. त्या ऑगस्टात पेटलेल्या घरांत माझ्या आजोबांचे घर होते. वडील तेव्हा अठरा वर्षांचे. मी खुल्या कोशात आमच्या गावाचे नाव घालून एक वाक्य लिहिले: या गावातील बौद्ध वस्तीतील अकरा घरे जाळण्यात आली. दुसऱ्या दिवशी वाक्य गेले होते. मागच्या पानावर काढणाऱ्याने कारण लिहिले होते: संदर्भ नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हात धुतलेस का, असे पुन्हा कोणी विचारल्यासारखे वाटले. माझा बाप साक्षीला जिवंत आहे, आणि हे संदर्भ मागतात! चार दिवसांनी राग ओसरल्यावर मी वर्गात जे शिकवतो तेच मला आठवले. ज्या नियमाने माझे वाक्य गेले, त्याच नियमाने उद्या आमच्या गावच्या पाटलाचा नातू ‘या गावात १९७८ मध्ये काहीही घडले नाही’ असे लिहील तेव्हा त्याचेही वाक्य काढता येईल. नियम मोडून मला माझे सत्य आत न्यायचे नव्हते. पण नियम पाळायचा तर छापील कागद लागतो, आणि १९७८ मध्ये छापखाना ज्यांच्या हातात होता त्यांनी आमची अकरा घरे छापली नाहीत. आधार मागण्याचा नियम सर्वांना सारखा आहे. आधार साठवण्याची संधी सारखी नव्हती. या मुद्द्यावर खुल्या कोशाच्या कैवाऱ्यांनी गंभीरपणे विचार करायला हवा.

असा विचार झालाच नाही असे नाही. २०११ मध्ये अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या मदतीने एक प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली उत्तर सोथो या भाषांत, ज्या गोष्टी कोणत्याच पुस्तकात नाहीत त्या लोकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करायच्या आणि ते मुद्रण आधार म्हणून द्यायचे. खेळ, विधी, रोजच्या जगण्यातल्या रीती यांच्यापासून सुरुवात केली होती. प्रयोगाला विरोध झाला आणि तो कोशाचा सर्वसाधारण नियम होऊ शकला नाही. विरोध करणाऱ्यांचा मुद्दाही समजून घेतला पाहिजे. तोंडी साक्षीला दार उघडले की आमच्या वडिलांच्या मागोमाग पाटलाचे वडीलही आत येतील. म्हणून तोंडी साक्ष कोशात थेट न नेता आधी तपासून, ताडून, छापून घेतली पाहिजे, असे माझे मत बनले आहे. हे काम कोशाचे नाही. ते आपल्या नियतकालिकांचे आहे.

आणि इथे आपला स्वतःचा हिशेब मांडावा लागेल. चळवळीने चाळीस-पन्नास वर्षे अंक काढले, पुस्तिका छापल्या, परिषदांची इतिवृत्ते काढली. ती कुठे आहेत? निवृत्त मास्तरांच्या ट्रंकांत, माळ्यावर, वाळवीच्या तोंडात. कोशाला छापील आधार हवा, तो आपल्याकडे होता, आणि आपण तो जपला नाही. खुद्द बाबासाहेबांच्या लेखनाची गोष्ट घ्या. शासनाने इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये काढला, वसंत मून यांनी त्या कामाला आयुष्य वाहिले, आणि तरी खंड बाजारात मिळेनासे झाले. छपाई रखडल्याच्या बातमीची २०२१ मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. वास्तविक लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क संपतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले आहेत. ते कोणालाही छापता येतात, संगणकावर चढवता येतात, वाटता येतात. खंडांच्या प्रती संगणकावर फुकट मिळतातही. पण मराठीत, शोधता येईल अशा शुद्ध अक्षरांत, पानाच्या क्रमांकासह किती मिळतात, हे ज्याने विद्यार्थ्यांकडून संदर्भ शोधून घेतला आहे त्याला विचारावे. तळे खुले झाले आहे. पायऱ्यांवर गर्दी नाही.

माझ्या वर्गातल्या सहा मुलांनी गेल्या हिवाळ्यात एक काम हाती घेतले. एका निवृत्त शिक्षकाच्या घरून जुन्या अंकांची ट्रंक आणली, पाने मोबाइलवर टिपली, अनुक्रमणिका लिहून काढल्या. दोन अंकांची मुखपृष्ठे उंदरांनी नेली होती, त्यामुळे महिना लेखांवरून ताडावा लागला. १९७८-७९ च्या एका अंकात जळीताच्या गावांची यादी निघाली. आमच्या गावाचे नाव त्यात आहे. घरांची संख्या नाही. ती मुलगी, जिने मला टोकले होते, तिने त्या यादीच्या आधाराने कोशात आमच्या गावाचे नाव लिहिले. नातेवाइकाने लिहू नये म्हणून मी दूर राहिलो. ते वाक्य अजून आहे.

घरांच्या संख्येसाठी मी वडिलांची आणि वस्तीतल्या आणखी चौघांची साक्ष वेगवेगळी बसवून उतरवून घेतली. तिघांनी अकरा सांगितली, दोघांनी नऊ. का, ते विचारल्यावर कळले की दोन घरे अर्धवट जळाली होती आणि कोणी ती धरत होते, कोणी धरत नव्हते. माझ्या वाक्यातले ‘अकरा’ मी इतकी वर्षे छातीठोकपणे सांगत आलो होतो. सगळे लिहून झाल्यावर मी वडिलांना ते वाचून दाखवले. ‘मध्यरात्रीच्या सुमारास जमाव आला’ या वाक्यापाशी त्यांनी मला थांबवले.

‘रात नव्हती रं,’ ते म्हणाले. ‘दिस मावळायचा व्हता. कोण कोण आलंय ते समद्यांला दिसत व्हतं.’

मी ते वाक्य खोडले आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले.